दोन गिरक्या घ्या आणि पुढे चला

रविवारची सकाळ. मुंबई बंदरात, गेटवेच्या समोर, पंचवीस-तीस छोट्या शिडाच्या होड्या एका न दिसणाऱ्या रेषेमागे घिरट्या घालतायत. रेषेच्या एका टोकाला पंचांची बोट, दुसऱ्या टोकाला हवा भरलेला केशरी बोया. भोंगा वाजतो, झेंडा वर जातो. पाच मिनिटं. पुन्हा भोंगा. चार मिनिटं. आणखी एक. शेवटचं मिनिट.

त्यातल्या एका होडीत तुम्ही आहात असं समजा. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, पाय होडीतल्या पट्ट्याखाली अडकवलेले आणि अर्धं अंग होडीच्या बाहेर. या वाहनाला ब्रेक नाही. शून्य म्हणताना रेषेवर, पण रेषेच्या अलीकडे आणि पूर्ण वेगात असायचं, एवढंच काम. भोंगा वाजतो आणि तुम्ही सुसाट सुटता. काय स्टार्ट मिळालाय राव! सगळे मागे!

आणि मग पाठीमागून आणखी एक भोंगा ऐकू येतो. पंचांच्या बोटीवर पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा चढतो. त्याचा अर्थ : कुणीतरी वेळेआधी रेषा ओलांडली आहे. कोण, ते झेंडा सांगत नाही. पण तुमच्या पोटात गोळा येतो, कारण तुम्हाला ठाऊक असतं.

पुढच्या दहा सेकंदांत तुम्ही काय करता, त्याबद्दल आज बोलायचंय.

दोस्तांनो, 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर वाचलंय. वाक्य चांगलंय, पण अर्धवट आहे. तीच चूक दहा वेळा केली, तर दहा पायऱ्या चढल्या असं होत नाही. एकाच पायरीवर दहा वेळा ठेच लागली, एवढंच होतं. चुकीतून शिकणं आपोआप घडत नाही. त्यासाठी चूक वेळेत कबूल करावी लागते आणि ती नेमकी कुठे झाली ते शोधावं लागतं. या दोन गोष्टी सक्तीने करायला लावणारा एक खेळ म्हणजे डिंगी सेलिंग, म्हणजे छोट्या शिडाच्या होड्यांची शर्यत. म्हणून आजचं हे संपादकीय पाण्यातून.

सबबींना जागा नसलेली होडी

'हा श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध?' असं मनात आलं असेल तर थांबा. वल्हं आणि शीड कोकण किनाऱ्याला नवीन नाही. आणि खेळ म्हणूनही हे आपल्या अगदी दारात घडतं. १९८२च्या आशियाई स्पर्धा दिल्लीच्या म्हणून ओळखल्या जातात, पण त्यातल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या होत्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं होतं. आज खडकवासल्याला एनडीएचे कॅडेट जलाशयावर शीड हाकायला शिकतात. एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये असाल, तर तुम्हालाही ही संधी मिळू शकते. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत मुलींच्या डिंगी प्रकारात रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातली. ती समुद्रावर नाही, भोपाळच्या तलावावर शिकली. 

नवखे आणि हौशी लोक ज्या होड्यांवर शर्यती करतात, त्यातली सगळ्यात ओळखीची 'लेझर', आता अधिकृतपणे 'इल्का' म्हणतात ती. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी रेखाटलेली. लांबी ४.२३ मीटर, एक शीड, एक माणूस. लहान मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची त्याहून छोटी, टबासारखी दिसणारी होडी असते. या वर्गांची गंमत अशी, की एका वर्गातल्या सगळ्या होड्या सारख्या. तेच माप, तसंच शीड. म्हणजे हरल्यावर 'त्याची होडी भारी होती' म्हणायची सोय नाही. वाराही सगळ्यांना तोच, समुद्रही तोच. उरता फक्त तुम्ही आणि तुम्ही घेतलेले निर्णय. परीक्षेनंतर 'पेपरच टफ होता' म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे जरा टोचेल. टोचायलाच हवं.

रेफरी नसलेली शर्यत

तर, तुम्ही रेषा आधी ओलांडलीत. आता पर्याय दोन. एक, मान खाली घालून पुढे जात राहायचं आणि मनात म्हणायचं, 'बहुतेक दुसरं कुणीतरी असेल.' दोन, होडी वळवायची, इतरांच्या वाटेत न येता रेषेमागे जायचं आणि पुन्हा सुरुवात करायची.

पहिल्या पर्यायात पुढचा तासभर तुम्ही छान शर्यत करता. वळणाचे बोये नीट घेता, तीन-चार होड्या मागे टाकता, शेवटची रेषा ओलांडता. आणि किनाऱ्यावर फलक लागतो तेव्हा तुमच्या नावापुढे एकूण नोंदलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त गुण लिहिलेला असतो. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशी उलटी मोजणी असते. जितके कमी तितके चांगले. म्हणजे तीस होड्यांच्या स्पर्धेत तुम्हाला एकतीस. शेवटच्यापेक्षाही शेवटचे. तासभराची मेहनत पाण्यात, शब्दशः.

दुसऱ्या पर्यायात तुमचं अर्धं-एक मिनिट जातं. सगळे पुढे निघून गेलेले असतात. पण शर्यत जिवंत असते.

गणित एवढं सोपं असूनही परत न फिरणारे हौशी खेळाडू प्रत्येक स्पर्धेत सापडतात. का? कारण परत फिरताना सगळे बघतात. तीस होड्या एका दिशेला आणि तुम्ही एकटे उलटे. 'मी चुकलो' असं शिडाएवढ्या अक्षरांत लिहून फिरल्यासारखं वाटतं. चूक दुरुस्त करायची किंमत अर्धा मिनिट असते आणि लाज वाटायची किंमत पूर्ण शर्यत. आपण बहुतेक वेळा दुसरी किंमत मोजतो.

इंजिनीअरिंगचा पहिला महिना आठवा. लेक्चरमध्ये दुसऱ्याच दिवशी काहीतरी डोक्यावरून गेलं. हात वर करून 'सर, कळलं नाही' म्हणायला दहा सेकंद लागले असते. नाही केलात. मग त्यावरचा पुढचा भाग कळला नाही, त्यावरचा सबमिशन कॉपी केलात, आणि सेमिस्टरच्या शेवटी तो विषय केटी म्हणून परत आला. रेषा दुसऱ्याच दिवशी ओलांडली होती. झेंडाही दिसला होता.

शर्यतीत पुढे आणखी अवघड प्रसंग येतो. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी जावं लागतं. त्यामुळे होड्या सतत एकमेकींचे रस्ते कापतात. नियम असा, की जिच्या उजव्या अंगावरून वारा येतोय तिचा हक्क पहिला, डाव्या अंगावरून वारा घेणारीने वाट द्यायची. 'स्टारबोर्ड!' अशी आरोळी येते ती त्यासाठीच. समजा तुम्ही वाट द्यायला हवी होती, अंदाज चुकला आणि समोरच्याला तुमच्यामुळे होडी वळवावी लागली. आता काय?

बहुतेक हौशी शर्यतींत पाण्यावर शिट्टी वाजवणारा रेफरी नसतो. तुम्हीच स्वतःला शिक्षा द्यायची. लगेच गर्दीतून बाजूला व्हायचं आणि जागच्या जागी होडी दोनदा पूर्ण गोल फिरवायची. दोन गिरक्या, ७२० अंश. सराव असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. नुसताच बोयाला धक्का लागला असेल तर एक गिरकी. गिरक्या झाल्या की विषय संपला. कुणी टोमणा मारत नाही, निकालात त्याची नोंद राहत नाही, तुम्ही पुन्हा बाकीच्यांसारखेच स्पर्धक.

आणि घेतल्या नाहीत तर? समोरचा 'प्रोटेस्ट!' असं ओरडू शकतो, किनाऱ्यावर लेखी तक्रार करू शकतो, सुनावणी होते, आणि तुम्ही दोषी ठरलात तर त्या शर्यतीतून बाद. म्हणजे हिशोब असा : लगेच कबूल केलं तर अर्धं मिनिट, लपवलं आणि पकडले गेलात तर सगळं. खेळाच्या नियमावलीने प्रामाणिकपणा स्वस्त करून ठेवलाय.

माझी एक चूक

उपदेश करतेय असं वाटू नये म्हणून स्वतःचं सांगते. शिकायला लागून वर्ष झालं होतं. एका छोट्या स्पर्धेत वरच्या बोयाजवळ मी डाव्या अंगावर वारा घेऊन चालले होते आणि एका मुलाच्या पुढून निसटेन असं वाटलं. नाही निसटले. माझ्या होडीची मागची कड त्याच्या पुढच्या टोकाला घासली. हलकासा 'खट्' आवाज. त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिडाकडे बघितलं, जणू काही झालंच नाही. तो काही बोलला नाही. मी गिरक्या घेतल्या नाहीत. चौथी आले.

त्या दिवशी घरी सांगताना मी 'चौथी' हा शब्द तीनदा वापरला आणि बोयाजवळचा प्रसंग एकदाही सांगितला नाही. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या स्पर्धेत, जवळपास तसाच प्रसंग आला. तीच बाजू, तोच चुकलेला अंदाज. या वेळी 'खट्' नाही, 'धाड्' झालं. समोरच्या होडीला हातभर चीर गेली आणि तिची शर्यत तिथेच संपली. कुणाला लागलं नाही हे नशीब.

त्या रात्री लक्षात आलं, की पहिल्या वेळी गिरक्या घेतल्या असत्या तर त्या अर्ध्या मिनिटात मला एकच प्रश्न पडला असता : 'अंदाज का चुकला?' उत्तर साधं होतं. समोरची होडी माझ्यापेक्षा वेगात होती आणि मी तिच्याकडे दोन सेकंद बघितलंच नव्हतं. पण मी चूक झालीच नाही असं ठरवलं होतं. मग जी झालीच नाही तिच्यातून शिकणार काय? लपवलेली चूक फक्त दुसऱ्यापासून लपत नाही. ती आपल्यापासूनही लपते. आणि मग परत येते, मोठी होऊन.

ज्याच्या होडीला पहिल्यांदा घासले होते, त्या मुलाकडे नंतर गेले आणि सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तू बघितलंच नसशील." एवढंच. पण ते वाक्य अजून टोचतं.

वारा फिरला, की मी चुकले?

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. प्रत्येक हार ही आपली चूक असते असंही नाही. वारा सारखा थोडाथोडा दिशा बदलतो. कधी डाव्या बाजूच्या होड्यांना फायदा होतो, कधी उजव्या. तुम्ही विचार करून डावी बाजू घेतली आणि वारा उजवीकडे फिरला, तर दहा होड्या पुढे निघून जातील. ही चूक आहे का?

इथे हौशी खेळाडू दोन प्रकारे फसतात. एक गट सगळं वाऱ्यावर ढकलतो : 'आज लकच नव्हतं.' दुसरा गट सगळं स्वतःवर घेतो : 'मला हे जमणारच नाही.' दोघंही शिकत नाहीत, कारण दोघांनीही प्रसंगाकडे नीट बघितलेलं नसतं. खरा प्रश्न निकालाचा नाही, निर्णयाचा आहे. निर्णय घेताना जी माहिती समोर होती, ती मी वापरली का?

मुंबईचंच उदाहरण घ्या. शाळेत भूगोलात आपण मतलई आणि खारे वारे पाठ केले. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो, मग तो पडतो, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा भरतो. मधल्या वेळेत शीड लुळं पडतं. त्यात बंदरात भरती-ओहोटीचा जोरदार ओढ. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वर-खाली होते, आणि ते सगळं पाणी बंदरातून आत-बाहेर वाहतं. वारा कमी आणि ओहोटी जोरात, अशा वेळी खोल पाण्याच्या मधोमध राहिलात तर होडीचं टोक बोयाकडे आणि होडी मात्र मागे सरकतेय, असा प्रकार होतो. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात ओढ कमी असते. कुठल्याही कोळ्याच्या पोराला हे ठाऊक असतं. तिथी बघून तो सांगेल, आज उधाण की भांग.

तर वारा अचानक फिरला, हे नशीब. पण निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघितलं नाही, ही चूक. दोन्हींचा निकाल एकच, पंधरावा नंबर. शिकण्यासारखं फक्त दुसऱ्यात आहे. इंटरव्ह्यूमध्ये नाकारले गेलात, तर कंपनीने ऐनवेळी जागाच कमी केल्या हा वारा. कंपनी काय करते हे न वाचता गेलात, ही ओहोटी. दोन्ही वेगळे करायला शिका.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची. कधी कधी चुकीचा निर्णय घेऊनही आपण जिंकतो. सगळे डावीकडे गेले, तुम्ही मागे पडलात म्हणून वैतागून जुगार खेळल्यासारखे उजवीकडे गेलात आणि नेमका वारा तिकडून आला. पहिला नंबर, टाळ्या, सेल्फी. आता पुढच्या दहा शर्यतींत तुम्ही मागे पडलात की उजवीकडे पळणार, आणि नऊ वेळा बुडणार. आदल्या रात्री वाचून पास झालेला पेपर आठवतोय ना? हरल्यावर आपण निदान विचार करतो. जिंकल्यावर करत नाही. म्हणून जिंकलेल्या दिवशीही स्वतःला विचारा : हे माझ्या निर्णयामुळे झालं, की वाऱ्याने मेहेरबानी केली?

उलटायला शिका, पण लाइफ जॅकेट घालून

डिंगी शिकवणारे चांगले प्रशिक्षक सुरुवातीलाच एक काम करून घेतात. होडी मुद्दाम उलटवायला लावतात. तुम्ही पाण्यात, शीड पाण्यावर आडवं. मग शिकवतात : घाबरू नका, होडी सोडू नका, तळातून बाहेर आलेल्या फळीवर वजन द्या, होडी सरळ होईल, चढा आणि निघा. चार-पाच वेळा केलं की उलटण्याची भीती जाते. आणि भीती गेली की माणूस जोरात वाऱ्यात शीड ओढून धरायची हिंमत करतो. जो उलटायला घाबरतो, तो कधीच वेगात जात नाही.

पण लक्षात घ्या, हे सगळं लाइफ जॅकेट घालून, बचावबोट जवळ असताना, प्रशिक्षकाच्या नजरेखाली होतं. 'चुकांमधून शिका' याचा अर्थ प्रत्येक चूक स्वतः करून बघा असा नाही. लाइफ जॅकेट न घालता जाणं, वादळाचा इशारा असताना निघणं, उलटलेली होडी सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटणं, या चुका दुसरी संधी देतीलच असं नाही. त्या इतरांच्या अनुभवातून शिकायच्या. ट्रेकला जाताना, बाइकवर हेल्मेट घालताना, पावसाळ्यात धबधब्याखाली उभं राहताना हाच फरक डोक्यात असू द्या. कुठली चूक स्वस्त आहे आणि कुठली महाग, हे ओळखणं हेसुद्धा शिक्षणच.

आधी काय घडलं, मग कोण चुकलं

शर्यतीनंतरचा भाग मला शर्यतीइतकाच आवडतो. तक्रार झाली असेल तर सुनावणी होते. एका टेबलावर खेळण्यातल्या होड्या ठेवलेल्या. दोघंही आपापली बाजू मांडतात, होड्या सरकवून दाखवतात. साक्षीदार असेल तर तो सांगतो. मग समिती आधी काय घडलं ते ठरवून लिहिते. त्यानंतर त्याला कुठला नियम लागू होतो ते. आणि सगळ्यात शेवटी निर्णय. क्रम बदलत नाही : घटना, नियम, निर्णय.

आपण काय करतो? हॉस्टेलवर रूम पार्टनरशी भांडण झालं, फेस्टिव्हलच्या कमिटीत हिशोब जुळला नाही, ग्रुप प्रोजेक्ट गडगडला, की आपला निर्णय आधी तयार असतो : 'तोच तसला आहे.' मग त्याला साजेशा घटना शोधतो. पुढच्या वेळी टेबलावर दोन खोडरबर ठेवा, हवं तर, आणि फक्त काय घडलं ते सरकवून दाखवा. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

स्वतःशी बोलतानाही हाच क्रम. शर्यतीहून आल्यावर अंग सुकायच्या आत वहीत तीन ओळी लिहायच्या. मला काय दिसलं? मी काय ठरवलं? काय झालं? 'वाईट खेळले' असलं काही लिहायचं नाही, त्यातून काही कळत नाही. 'शेवटच्या मिनिटाला घड्याळाकडे बघत राहिले, डावीकडून येणारी होडी दिसली नाही, माझी जागा गेली' असं लिहायचं. मग त्यातली एकच चूक निवडायची आणि पुढच्या रविवारी फक्त तिच्यावर काम करायचं. सगळ्या एकदम सुधारायला गेलात तर एकही सुधारत नाही. आणि हो, जिंकलेल्याला जाऊन विचारा, 'तू तिकडे का गेलास?' हौशी सेलिंगमध्ये लोक मोकळेपणाने सांगतात. तुमच्या वर्गातला टॉपरही सांगेल. आपण विचारत नाही, हा भाग वेगळा.

एक वाईट दिवस गाळता येतो

नेहा ठाकूरच्या त्या रौप्यपदकाचे आकडे बघा. अकरा शर्यतींत तिचे एकूण ३२ गुण झाले. त्यातल्या सर्वांत वाईट शर्यतीचे ५ गुण वगळले गेले आणि तिची बेरीज धरली गेली २७. सेलिंगच्या मोठ्या मालिकेत सहसा असंच असतं. पुरेशा शर्यती झाल्या की प्रत्येकाचा एक सर्वांत वाईट निकाल गाळतात. कारण समुद्रावर प्रत्येकाचा एक दिवस वाईट जाणार, हे खेळाला मान्य आहे. खिलाडूवृत्तीचा भंग केला म्हणून झालेली अपात्रता मात्र गाळता येत नाही. चूक माफ, लबाडी नाही.

डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमची गोष्ट याच नियमाची. १९४८च्या ऑलिम्पिकमध्ये, वीस वर्षांचा असताना, इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या समुद्रात तो उतरला. पहिली शर्यत त्याने पूर्णच केली नाही. सात शर्यतींपैकी एक वाईट निकाल गाळायची मुभा होती, तो निकाल गाळला गेला. शेवटच्या दोन्ही शर्यती त्याने जिंकल्या आणि सुवर्णपदकही. मग १९५२, १९५६ आणि १९६०. ओळीने चार सुवर्णं. पहिल्याच दिवशी 'झालं, संपलं' म्हणून तो सामान आवरून गेला असता, तर यातलं काही घडलं नसतं.

आता खरं सांगायचं तर आपल्या कॉलेजांमध्ये, घरांमध्ये हा नियम नाही. एका परीक्षेचे मार्क जन्मभर चिकटतात. चूक कबूल करणाऱ्याला आणि लपवून पकडल्या जाणाऱ्याला सारखीच बोलणी बसतात. मग पोरं लपवतात, त्यात नवल काय? केटी लागल्याचं घरी न सांगणारा मुलगा खोटारडा नसतो. त्याने हिशोब केलेला असतो, आणि त्याच्या घरात कबुली फार महाग असते. प्राध्यापकांनी आणि पालकांनी हा हिशोब बदलायला हवा. लवकर सांगितलं तर दोन गिरक्या, एवढीच शिक्षा ठेवून बघा. मुलं सांगतात की नाही, ते कळेल.

पण तोवर तुम्ही थांबून राहू नका. तुमच्याही हातात थोडी सत्ता आहे. तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये, नाटकाच्या तालमीत, क्रिकेटच्या टीममध्ये, ज्युनिअर्सशी वागताना हा नियम तुम्ही आजपासून लावू शकता. कुणी येऊन म्हणालं, 'माझ्याकडून फाइल डिलीट झाली,' तर पहिलं वाक्य 'मूर्खा' असू नये. 'बरं झालं लगेच सांगितलंस' असं असावं. मग दोन गिरक्या : कशी झाली ते बघू, परत होऊ नये म्हणून काय करू. आणि विषय संपला. त्याला पुन्हा त्यावरून चिडवायचं नाही.

आणि स्वतःशी वागतानाही तेच. झेंडा दिसलाय, पोटात गोळा आलाय, सगळे पुढे चाललेत. वळा. लाज वाटेल, वाटू द्या. ती अर्ध्या मिनिटाची आहे. रेषेमागे जा, शीड ओढा, आणि पुन्हा निघा. शर्यत अजून बरीच बाकी आहे.